पोरींना घेऊन वर्ल्डकप फायनलला : नाशिक ते नेरुळ

शुक्रवार, २८ ऑक्टोबर २०२२. नाशिक

सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल वर्ल्डकपची फायनल ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत आहे हे कळल्यापासून आमच्या ग्राउंडवर दुसरा विषयच नव्हता. माझी लेक राइट बॅक, म्हणजे उजवीकडून गोल वाचवायला मागे असते ती, खेळते, तिच्या टीममधल्या पोरी, कोच मॅडम आणि आम्ही तिघीचौघी आया असं सगळं मिळून जायचं ठरलं. तिकिटं ऑनलाइन मिळाली, राहायची सोय मॅडमच्या मावशींकडे नेरुळला झाली, तो विषय तिथेच संपला.

खरं तर हा वर्ल्डकप आपल्याकडे २०२० लाच व्हायचा होता, कोरोनात आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. त्या वेळी ज्या मुली टीमसाठी तयारी करत होत्या त्या आता वयात बसत नाहीत, त्यांचा वर्ल्डकप गेला तो गेलाच. मग या ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या फुटबॉल फेडरेशनवरच बंदी घातली, वाटलं आता हातचं जाणार, पण २६ ऑगस्टला बंदी उठली आणि ११ ऑक्टोबरला स्पर्धा सुरू झाली. सोळा टीम्स, आणि मॅचेस भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. आपली टीम यजमान म्हणून पहिल्यांदाच खेळली. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. त्या तीन रात्री आमच्या घरी टीव्हीसमोर कोणी बोलत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत, नातेवाइकांच्या ग्रुपवर तेच, "आपल्या मुलींमध्ये दमच नाही". मला हे वाक्य अजिबात सहन होत नाही. सावरपाड्यासारख्या पाड्यातून आलेल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ आणलं ते नाशिक जिल्ह्यातलंच ना? दम कुठे कमी आहे? कमी आहेत त्या मॅचेस. समोर खेळणाऱ्या मुली लहानपणापासून क्लबकडून सीझनभर मॅचेस खेळतात, आणि आमच्या पोरींना वर्षात शालेय स्पर्धा सोडली तर किती मॅच मिळतात ते बोटावर मोजा.

तर शुक्रवारी सकाळी प्रॅक्टिस झाली, थंडी छान पडायला लागलीये, गवतावर दव होतं, सगळ्यांचे बूट ओले. नंतर सगळ्या मिळून मिसळ खायला. काळ्या रश्शाची, वर पापड, सोबत दही, आणि पोरी तर्री मागून मागून घेत होत्या. तिथे मॅडमनी काम वाटून दिलं. "रविवारी बॉल बघायचा नाही. आपापल्या पोझिशनला जी पोरगी खेळतीये तिलाच बघायचं, बॉल तिच्याकडे नसताना ती काय करते तेवढंच, आणि वहीत लिहायचं." पोरींनी आधी तोंडं वाकडी केली. पण ही गोष्ट इतकी कामाची निघाली की कुठल्याही खेळाची मॅच बघायला मुलांना नेणार असाल तर हे नक्की करून बघा.

शनिवार, २९ ऑक्टोबर. नाशिकरोड ते नेरुळ

पंचवटी एक्स्प्रेस पकडायची म्हणजे पहाटे उठणं आलंच. स्टेशनवर पोरी एकसारख्या निळ्या जर्सी घालून उभ्या. शनिवार असला तरी डब्यात रोजचे पासवाले होते. एका काकांनी विचारलं कुठली टीम, काय खेळता, आणि वर्ल्डकप म्हटल्यावर त्यांना वाटलं याच खेळायला चालल्यात, उठून जागाच दिली! खरं काय ते सांगितलं तरी बसले नाहीत, म्हणाले, "बसा गं पोरींनो, उद्या खेळायला पण जाल." कल्याणपर्यंत उभे होते ते.

इगतपुरीच्या पुढे घाटात धुकं होतं, गवत पिवळं व्हायला लागलेलं, धबधबे बारीक झालेत पण अजून वाहतायत, यंदा पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळला ना. आमची विंगर, म्हणजे कडेने बॉल घेऊन पुढे पळणारी, हरसूलच्या बाजूची, नाशिकला काकांकडे राहून शिकते. ती खिडकीतून हलायलाच तयार नव्हती, कारण ती पहिल्यांदाच रेल्वेत बसली होती. कसारा गेलं आणि हवा बदलली, कल्याणला उतरलो तर घाम.

इथे एक सांगून ठेवते, नाशिकहून नेरुळला जायचं तर दादरपर्यंत जायची गरज नाही. कल्याणहून लोकलने ठाणे, आणि ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बरची लोकल. फक्त बोर्ड नीट वाचा, वाशी लोकलमध्ये बसलात तर ती तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, नेरुळ किंवा पनवेल लिहिलेलीच घ्या. पोरी जास्त असतील तर लेडीज डब्यात दोन गट करून चढा आणि प्रत्येक गटात एक मोठं माणूस ठेवा.

मावशींचं घर सिडकोच्या जुन्या वसाहतीत, तीन मजली बिल्डिंग, खाली तुळस, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. आमच्यातल्या निम्म्या पोरी नाशिकच्या सिडकोतल्या, त्या म्हणाल्या अरे हे तर आपलंच घर! बांधणाराच एक आहे म्हटल्यावर तसं वाटणारच. मावशी पंच्याहत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात, आणि आमची एवढी फौज आल्यावर त्यांना जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता. शेजारच्या आगरी काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण पाठवलं, ज्या खात नाहीत त्यांना वालाचं बिरडं. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या पोरी ती पांढरी मऊ भाकरी हातात धरून बघतच राहिल्या, नंतर किती खाल्ल्या ते काकूंनाच माहीत. आम्ही दिवाळीचा फराळ आणि चिवड्याची पाकिटं नेली होती ती दिली.

संध्याकाळी मावशी आम्हाला पाम बीच रोडच्या बाजूला खाडीकडे घेऊन गेल्या. इथे थंडीत हजारो फ्लेमिंगो येतात, चिखलात उभे राहून खातात, पण अजून त्यांचा मोसम सुरू झालेला नाही, नुसतं पाणी आणि खारफुटी. पोरी हिरमुसल्या. तेवढ्यात आमची गोलकीपर, जिला सगळ्या टीम्सची सगळी माहिती पाठ असते, ती म्हणाली, "मावशी, उद्या दिसतील. नायजेरियाच्या या टीमला फ्लेमिंगोजच म्हणतात." मावशींना हे इतकं आवडलं की त्यांनी तिथेच ठरवलं, आपण नायजेरियाच्या बाजूने.

रविवार, ३० ऑक्टोबर. डी. वाय. पाटील स्टेडियम

तिसऱ्या नंबरची मॅच साडेचारला, नायजेरिया विरुद्ध जर्मनी, आणि फायनल आठला, स्पेन विरुद्ध कोलंबिया. आम्ही तीनलाच लाइनीत. आत बाटली, खाऊ, पॉवरबँक काही नेऊ देत नाहीत, त्यामुळे शंकरपाळ्यांचे डबे बाहेरच संपवायचे होते. आमच्या पुढे पिवळा टीशर्ट घातलेल्या कोलंबियाच्या एक बाई होत्या, त्यांना पोरींनी शंकरपाळी दिली, चकली दिली, त्यांना मराठी येत नाही, आम्हाला स्पॅनिश येत नाही, इंग्रजी दोन्हीकडे जेमतेम, पण चकलीला त्यांनी जो अंगठा दाखवला! त्यांनी एका पोरीच्या गालावर तीन रंगांचे पट्टे काढून दिले, मग सगळ्यांनाच हवे होते. तपासणीला ज्या महिला पोलीस होत्या त्या आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या नाशिकच्या का, मी येवल्याची. सकाळपासून ड्युटीवर उभ्या होत्या, मॅच दिसणार नव्हती, पण पोरींना म्हणाल्या, "पाठीमागच्या नाही, मधल्या बाजूला बसा, चांगलं दिसतं."

जाणाऱ्यांसाठी : दुपारच्या मॅचला ऊन थेट डोळ्यात येतं, टोपी न्या. फुटबॉलला खूप पुढची जागा घेऊ नका, थोडं वर बसलात तर पूर्ण टीम कशी उभी राहते ते कळतं. लहान पोरींच्या खिशात मोठ्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही. आणि बाथरूमला हाफटाइमच्या पाच मिनिटं आधीच उठा.

आता मॅच. नायजेरियाने ३-० करून टाकलं. मावशी टाळ्या वाजवून थकल्या. आम्हाला वाटलं संपलं, आणि जर्मनीच्या मुलींनी शेवटच्या टप्प्यात एक, दोन, तीन गोल परत केले. ३-३! जर्मनीची एकही पोरगी ०-३ ला खाली बघून चालताना मला दिसली नाही, बॉल जाळ्यातून काढून धावत मध्यावर आणून ठेवत होत्या. मॅडमनी फक्त पोरींकडे बघितलं. गेल्या वर्षीच्या मॅचमध्ये आम्ही दोन गोल खाल्ल्यावर काय केलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं, बोलायची गरज नव्हती.

या वयोगटात एक्स्ट्रा टाइम नसतो, सरळ पेनल्टी. आणि इथे आमच्या कीपरची वही उघडली. ती दोन्हीकडच्या कीपरचे फक्त पाय बघत होती. नियम असा आहे की किक बसताना कीपरचा निदान एक पाय गोलरेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा तिच्या मागे पाहिजे. आमची पोरगी घाईत कायम पुढे उडी मारते आणि रेफ्री परत किक घ्यायला लावतात. ती मला दाखवत होती, "काकू बघा, मागचा पाय. मागचा पाय चिकटलाय रेषेला, पुढचा पडतो आणि मग उडी." प्रत्येक किकला तेच, तिच्या पेन्सिलने वहीत रेषा आणि दोन पाय, रेषा आणि दोन पाय. गोल झाला की नाही हे तिला आमच्या आरडाओरड्यावरून कळत होतं. नायजेरिया ३-२ ने जिंकली. या वर्ल्डकपमधलं त्यांचं पहिलंच मेडल. मावशींच्या डोळ्यात पाणी होतं, म्हणाल्या मी आयुष्यात पहिली मॅच बघितली.

मधल्या वेळात बाजूच्या रांगेतल्या कोल्हापूरच्या एका काकांशी गप्पा झाल्या, मुलीला घेऊन आले होते. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं गाव, शाहू स्टेडियमवर पेठांच्या आणि तालमींच्या टीम्सच्या मॅचला काय गर्दी होते, ते ऐकताना आमच्या पोरींचे डोळे मोठे झाले. मग लेकीने विचारलं, "आणि मुलींच्या मॅचला?" काका थोडे थांबले आणि म्हणाले, "त्याचसाठी हिला घेऊन आलोय. इथं बघून गेली तर गावात जाऊन मागंल तरी." मला हे फार पटलं. मागायचं काय हेच आधी माहीत पाहिजे.

आठ वाजता फायनल. दिवे लागलेले, हवा दमट, पण ऊन गेल्यामुळे बरं. मैदानावरच्या रेफ्री आणि लाइनवरच्या सगळ्या बायका, हे पोरींनीच दाखवलं मला. स्पेन म्हणजे २०१८ चे चॅम्पियन, आणि कोलंबिया तर फिफाच्या कुठल्याही वर्ल्डकपच्या फायनलला, पुरुष काय महिला काय, पहिल्यांदाच पोचलेली. भाऊबीजेला त्यांनी सेमीत नायजेरियाला पेनल्टीवर ६-५ ने हरवलं ते आम्ही ताटं वाढताना मोबाइलवर बघितलं होतं.

आमच्या विंगरच्या वाट्याला कोलंबियाची लिंडा कैसेदो. सतरा वर्षांची पोरगी, पंधराव्या वर्षी कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, बरी होऊन परत आली, आणि याच वर्षी जुलैत मोठ्यांची कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा), ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालचा वर्ल्डकप आणि आता हा. कोपामध्ये सर्वोत्तम खेळाडू पण तीच. बॉल मिळाला की ही लगेच धावत नाही. थांबते. समोरची बॅक कुठल्या पायावर वजन टाकते ते बघते आणि मग दुसऱ्या बाजूने जाते. आमच्या विंगरला वारा प्यायल्यासारखं धावता येतं, पण थांबता येत नाही, आणि ती सगळा पहिला हाफ मांडीवर दोन बोटं थांबवून थांबवून पळवत होती.

माझी लेक आणि मिडफिल्डवाल्या स्पेनकडे बघत होत्या. विकी लोपेझ सोळाची आहे. बॉल तिच्याकडे यायच्या आधीच ती खांद्यावरून मागे बघून घेते, एकदा या बाजूला, एकदा त्या. पोरींनी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. म्हणून तिला बॉल मिळाल्यावर विचार करावा लागत नाही, तो आधीच झालेला असतो. हे शिकायला ना टर्फ लागतं ना महागडे स्टड, हे आमच्या मातीच्या ग्राउंडवर उद्यापासून करता येतं, असं मॅडम म्हणाल्या आणि मला एकदम हलकं वाटलं.

०-० च चालू होतं. स्पेनकडे बॉल जास्त, कोलंबियाची कीपर लुईसा अगुदेलो उभी. आणि ८२ व्या मिनिटाला गोलच्या तोंडाशी गडबड झाली आणि कोलंबियाच्या गुझमानला लागून बॉल तिच्याच जाळ्यात गेला. ओन गोल. वर्ल्डकपच्या फायनलला.

आमची स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध अडवायला असते ती, माझ्या शेजारी होती. तिने गेल्या वर्षी शालेय स्पर्धेत असाच गोल स्वतःवर घेतला होता, आम्ही त्याच गोलने हरलो, आणि ती कितीतरी दिवस ग्राउंडवर आलीच नव्हती, तिची आई सांगायची, जेवताना पण बोलत नाही. सगळं स्टेडियम ओरडत होतं आणि ही गप्प. मी काही बोलले नाही, नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. स्पेन १-० ने जिंकलं, कप त्यांनी राखला, विकी लोपेझला गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, मिळाला, इभा नावाची ती सिंहीण, स्पर्धेची मॅस्कॉट, तिच्याबरोबर फोटो काढायला बाकीच्या पळाल्या. स्टॉपर जागेवरच. मग म्हणाली, "काकू, फायनलपर्यंत तिनंच बॅक सांभाळलीये ना? मग ती चांगलीच आहे." मी म्हटलं हो. "मग मी पण," एवढंच बोलली आणि फोटोला गेली.

सोमवार, ३१ ऑक्टोबर. परत

छठपूजेमुळे उत्तरेकडच्या गाड्यांना तुफान गर्दी असणार म्हणून ट्रेनचा नाद सोडला, ठाण्याला खोपटहून एसटी पकडली. सणाच्या दिवसात मुलींचा ग्रुप असेल तर हेच करा. निघताना मावशींनी प्रत्येकीच्या हातावर शंभराची नोट ठेवली, "ओवाळणी समजा" म्हणाल्या, आणि फ्लेमिंगो आले की परत या असं वचन घेतलं. शेजारच्या काकूंनी भाकऱ्या बांधून दिल्या त्या शहापूरपर्यंत पण टिकल्या नाहीत. घाटात ट्रॅफिक होतंच, त्या वेळात पोरींनी वह्या एकत्र करून वाचल्या.

मंगळवार, १ नोव्हेंबर. नाशिक

सकाळी सगळ्या हजर, स्टॉपर सगळ्यांच्या आधी. प्रॅक्टिसनंतर आम्ही आयांनी बसून महापालिकेला द्यायचा अर्ज लिहिला. ग्राउंडवर संध्याकाळी दोन दिवे, आणि मुलींना कपडे बदलायला बंद खोली, कडीसकट. सध्या पोरी एकमेकींभोवती ओढणी धरून बदलतात, आणि मोठ्या झाल्या की याच कारणाने खेळ सोडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसरं, दर रविवारी मॅच. शहरातल्या ज्या शाळांमध्ये मुलींची टीम आहे, अर्धी का असेना, त्यांनी यावं, अकरा नसतील तर सात-सात खेळू, पण वर्षात दोन मॅच हे आता चालणार नाही.

पहिली मॅच येत्या रविवारी सकाळी सातला ठेवलीये. तुमच्याकडे खेळणारी मुलगी असेल तर पाठवा, पाण्याची बाटली आणि शिनगार्ड बरोबर द्या, स्टड नसतील तर साध्या बुटांवर चालेल. रेफ्री म्हणून उभं राहायला दोन बायका हव्यात, नियम मॅडम शिकवतील.